डिलीट केलेल्या ओळीचं सुतक

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित केले. तेव्हापासून मला एकच प्रश्न वेगवेगळी माणसं विचारतायत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारला, मेव्हण्याने विचारला, परवा दाताच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून विचारला. "अ‍ॅपमध्ये डिलीट दाबलं की माहिती खरंच जाते का हो?"

मी डेटाबेसचं काम करतो, त्यामुळे उत्तर माहीत असावं अशी अपेक्षा रास्तच आहे. माझं उत्तर असतं, "जाते, पण लगेच जात नाही. आणि घाईने घालवायला गेलं तर परत येते." यावर समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो की हा कंपन्यांच्या बाजूचाच दिसतोय. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या या कायद्याच्या कलम १२ मध्ये आपल्याला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिलाय. मुख्य तरतुदी नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या आसपास लागू होतील. त्याच नियमांत काही माहिती आणि नोंदी किमान वर्षभर जपून ठेवा असंही सांगितलंय. पुसा पण आणि ठेवा पण. यावर वकील मंडळी लिहितीलच. मला बोलायचंय ते 'पुसणे' या क्रियापदाबद्दल. कायद्यात ते एका शब्दात उरकतं. मशीनवर त्याला दहा दिवस लागतात, आणि त्या दहा दिवसांत बरंच काही बिघडू शकतं.

एकच वही असेल तर पुसणं सोपं. खोडरबर घ्या, पुसा, झालं. पण आज कुठलंही मोठं अ‍ॅप एका वहीवर चालत नाही. प्रत्येक नोंदीच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर असतात, म्हणजे एक मशीन बंद पडलं तरी काम थांबत नाही. याला वितरित डेटाबेस म्हणतात.

आता घरातलं लग्न डोळ्यांपुढे आणा. आमंत्रणाची यादी तिघांकडे आहे: आत्या, काका आणि मामा. रोज रात्री तिघं फोनवर याद्या जुळवतात. कुणाकडे एखादं नाव राहिलं असेल तर दुसऱ्याच्या यादीवरून घालून घेतात. एक दिवस ठरतं की सदूभाऊंना बोलवायचं नाही. आत्या आणि काका आपापल्या यादीतून नाव नीट खोडरबराने पुसतात. मामा त्या वेळी कोकणात, फोनला रेंज नाही. चार दिवसांनी मामा येतात आणि याद्या जुळवायला बसतात. मामांच्या यादीत सदूभाऊ आहेत, बाकी दोघांच्या नाहीत. मामा म्हणतात, "अगो, सदूभाऊ राहिले की तुझ्याकडे! घे लिहून." आणि सदूभाऊ तिन्ही याद्यांत परत येतात. यात कुणाचीही चूक नाही. पुसलेली जागा आणि कधीच न लिहिलेली जागा सारखीच दिसते, एवढंच झालंय.

उपाय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सात-बारा बघा. आजोबा गेले की त्यांचं नाव उताऱ्यावरून खरवडून काढत नाहीत. नावाला कंस होतो, शेजारी फेरफार क्रमांक येतो, खाली वारसांची नावं चढतात. २०२० साली नवीन नमुना आला तेव्हापासून कंसातल्या नावावर आडवी रेषही मारतात. म्हणजे नाव काढायचं तर काहीतरी लिहावं लागतं. 'हे नाव कमी केलं, अमुक फेरफारानुसार' ही स्वतःच एक नोंद असते. हाताने लिहिलेल्या उताऱ्यांच्या काळात दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं, तेव्हा कंसातली नावं गाळून स्वच्छ उतारा तयार व्हायचा. तोपर्यंत कागद कंसांनी भरलेला. आमच्या गावाकडचे काही उतारे असे होते की जिवंत मालक शोधायला बोट ठेवून पंधरा कंस ओलांडावे लागायचे.

कॅसँड्रा नावाचा डेटाबेस अगदी असाच वागतो. फेसबुकमध्ये संदेशांच्या पेटीत शोध घेता यावा म्हणून अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक या दोघांनी तो लिहिला आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. (यातले लक्ष्मण आधी अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमो या प्रणालीवरच्या २००७ च्या शोधनिबंधाचे एक लेखक होते. दोन्हींचा तोंडवळा सारखा आहे तो उगीच नाही.) नाव ग्रीक पुराणातल्या त्या राजकन्येचं, जी खरं भविष्य सांगायची पण कुणी विश्वास ठेवायचं नाही. आज जगभर असंख्य कंपन्या तो वापरतात.

कॅसँड्रात ओळ डिलीट केली की ती जागेवरून हलत नाही. तिच्यासाठी एक नवी नोंद लिहिली जाते: 'ही ओळ अमुक वेळी मेली.' या नोंदीला इंग्रजीत टूमस्टोन म्हणतात, म्हणजे थडग्यावरचा दगड. वाचणाऱ्याला मूळ ओळ आणि दगड दोन्ही सापडले की वेळ बघितली जाते, दगड नंतरचा असेल तर ओळ दाखवत नाहीत. मामा कोकणातून उशिरा आले तरी आता आत्या सांगू शकते, "सदूभाऊंचं नाव मंगळवारी काढलंय, तुझ्या यादीतलं सोमवारचं आहे."

हा दगड किती दिवस ठेवायचा? कॅसँड्रात ती मुदत सेकंदांत लिहितात आणि मूळ आकडा आहे ८,६४,००० सेकंद. भागाकार करून बघा. बरोब्बर दहा दिवस. ज्याने हा आकडा ठरवला त्याला आपलं सुतक माहीत असण्याचं काही कारण नाही, पण आमच्या टीममध्ये आम्ही या मुदतीला सुतकच म्हणतो. सुतक संपलं की पुढच्या आवराआवरीत (तिला कॉम्पॅक्शन म्हणतात, तेच आपलं पुनर्लेखन) मूळ ओळ आणि दगड दोन्ही डिस्कवरून जातात. तेव्हा कुठे माहिती खरी गेली.

पण या दहा दिवसांना एक अट आहे. तेवढ्या काळात तिन्ही प्रतींना मृत्यूची बातमी पोचलीच पाहिजे. एखादं मशीन थोडा वेळ बंद असेल तर बाकीची त्याच्यासाठी निरोप राखून ठेवतात, पण मूळ सेटिंगमध्ये फक्त तीन तासांपर्यंतचे. त्यापुढे 'रिपेअर' नावाचं काम चालवावं लागतं, ज्यात सगळ्या प्रती एकमेकींशी ताडून बघितल्या जातात. सुतक संपायच्या आत प्रत्येक मशीनवर एकदा तरी रिपेअर झालंच पाहिजे, हा नियम. हे काम कंटाळवाणं आहे, मशीनवर ताण आणतं, आणि न केल्यास अनेक महिने काहीच होत नाही. त्यामुळे ते सगळ्यात आधी मागे पडतं. ज्यांनी कुठल्याही सरकारी वा खासगी इमारतीतली लिफ्ट बघितलीय त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता ज्या प्रसंगामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं तो सांगतो. कंपनीचं नाव सांगणार नाही आणि त्या बाईंची ओळख पटेल असं काहीही लिहिणार नाही.

घरपोच सेवा देणारं एक अ‍ॅप. एका बाईंनी नवऱ्याचं घर सोडलं होतं. अ‍ॅपचं खातं जुनं, दोघांच्या वापरातलं. नव्या भाड्याच्या घरात काहीतरी दुरुस्ती मागवताना सवयीने त्याच खात्यातून मागवली आणि नवा पत्ता खात्यात जाऊन बसला. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो पत्ता डिलीट केला, परत उघडून बघितला, गेलेला होता. वेगळं खातं काढलं. विषय संपला.

तीन आठवड्यांनी त्यांनी धाकधुकीने जुनं खातं उघडून बघितलं तर पत्ता तिथे होता. इमारतीचं नाव, मजला, फ्लॅट नंबर, सगळं. नवऱ्याकडे त्याच खात्याचा पासवर्ड. त्यांनी ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, तुमच्याकडून डिलीट झालंच नसेल." त्यांनी परत परत सांगितलं. परत परत तेच उत्तर. समोरच्या मुलीला दोष देत नाही, तिच्या पडद्यावर पत्ता 'चालू' दिसत होता आणि तो कधी काढला होता याचा मागमूसही नव्हता. बाई शेवटी वकिलांमार्फत आल्या, मग कंपनी हलली, आणि बाहेरचा माणूस म्हणून मला बघायला बोलावलं.

शोधायला दीड दिवस लागला. झालं होतं ते असं. तीन प्रतींपैकी एकीचं मशीन बाईंनी पत्ता काढला त्याच्या आदल्याच दिवशी डिस्कच्या बिघाडाने बंद पडलं होतं. पुसल्याची बातमी दोघांनी लिहून घेतली, तिसऱ्यापर्यंत पोचली नाही. तीन तासांचे निरोप संपले. दहा दिवस गेले, सुतक संपलं, दोन्ही मशीननी आवराआवरीत पत्ता आणि त्याचा दगड दोन्ही फेकून दिले, अगदी नियमाप्रमाणे. मग एका रात्री होस्टिंग सांभाळणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसाने तिसरं मशीन दुरुस्त करून होतं तसं चालू केलं. त्याच्यावर तो पत्ता जिवंत. बाकी दोघांकडे त्याबद्दल काहीच नाही, दगडसुद्धा नाही. कोकणातून आलेल्या मामांचं बोलणं खरं ठरलं. कुणीतरी खातं उघडलं, वाचताना तिन्ही प्रती ताडल्या गेल्या, आणि डेटाबेसने कर्तव्यदक्षपणे पत्ता बाकी दोन मशीनवरही परत लिहून दिला.

सुतकापेक्षा जास्त काळ बंद राहिलेलं मशीन तसंच परत जोडायचं नसतं. ते पूर्ण पुसून, बाकीच्यांकडून नव्याने माहिती भरून घ्यायचं असतं. हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय. पण रात्री दोन वाजता मशीन चालू झाल्याचा हिरवा दिवा बघितला की कागदपत्रं कोण उघडतो?

बाई खरं बोलत होत्या हे दाखवायला डेटाबेसमध्ये काहीच शिल्लक नव्हतं. सुदैवाने अ‍ॅपच्या वेगळ्या नोंदवहीत त्यांची डिलीटची विनंती वेळेसकट सापडली. ती ओळ मी छापून वकिलांना दिली. नवऱ्याने मधल्या काळात पत्ता बघितला का? ते खातं त्या दिवसांत एकाच फोनवरून उघडलं गेलं होतं, तो फोन बाईंचा होता. एवढं नशीब.

आता यावर बैठकीत सुचवला गेलेला उपाय ऐका. "आपण सुतक शून्यच करून टाकू. डिलीट म्हणजे लगेच डिलीट. कायद्यालाही तेच हवंय." बोलणारे गृहस्थ अनुभवी होते, त्यांचा हेतूही चांगला होता. पण मुदत शून्य करणं म्हणजे आत्याने कंस न करता सरळ खोडरबर वापरणं. तसं केलं तर मशीन दहा दिवस नव्हे, थोडे तास बंद राहिलं तरी मेलेल्या ओळी उठून बसायची भीती. ती मुदत कमी करता येते, जरूर करावी, पण रिपेअर त्याहून जलद आणि बिनचूक चालत असेल तरच.

मग लोक ही मुदत कमी करायला का धावतात? कारण दगड साचतात. वारंवार पुसायचं काम असेल तर विचारूच नका. समजा एका टेबलात पाठवायचे संदेश ठेवलेत. संदेश आला की ओळ घाला, पाठवला की ओळ पुसा. दिवसाला लाखो. टेबल बघाल तर कायम जवळजवळ रिकामं, चार-दोन ओळी. पण त्या चार ओळी शोधायला डेटाबेसला दहा दिवसांचे लाखो दगड ओलांडत जावं लागतं. माझ्या गावाकडच्या उताऱ्यावरचे पंधरा कंस आठवा आणि त्याला लाखाने गुणा. कॅसँड्रा एका वाचनात १,००० दगड लागले की मूळ सेटिंगप्रमाणे इशारा नोंदवतो, आणि १,००,००० च्या वर गेले की वाचनच नाकारतो. म्हणजे रिकामं टेबल उघडत नाही म्हणून अ‍ॅप बंद! नवख्या टीमला हे पटता पटत नाही.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेने २०१७ मध्ये आपला असाच किस्सा जाहीर लिहिला होता. एका गटात कुणीतरी आधी लाखो संदेश होते ते सगळे पुसले, एकच शिल्लक ठेवला. तो एकुलता संदेश दाखवायला कॅसँड्राला लाखो दगड चाळावे लागत आणि मशीन दहा-दहा सेकंद गोठून जात. त्यांनी सुतक दहा दिवसांवरून दोन दिवसांवर आणलं. पण का आणू शकले? कारण ते दररोज रात्री रिपेअर चालवत होते. शिवाय रिकामे झालेले कप्पे लक्षात ठेवून पुढच्या वेळी ते उघडायचेच नाहीत अशी सोय केली. (पुढे ते सिला नावाच्या दुसऱ्या डेटाबेसवर गेले, १७७ मशीनचं काम ७२ वर आलं. ती वेगळी गोष्ट आहे.)

ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांच्यासाठी थोडं. बाकीच्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

सगळ्यात मोठा फरक मांडणीने पडतो. एकेक ओळ पुसू नका. दिवसाचा वा तासाचा एक कप्पा करा आणि काम संपल्यावर कप्पा अख्खा काढा. लाख ओळींना लाख दगड लागतात, अख्ख्या कप्प्याला एक पुरतो. ज्या माहितीचं आयुष्य आधीच ठाऊक आहे, उदाहरणार्थ ओटीपी, तिला लिहितानाच मुदत द्या. नुसती मुदत पुरत नाही हं, मुदत संपलेली नोंदही दगडच होते. सोबत वेळेच्या खिडकीप्रमाणे फाइली जमवणारं कॉम्पॅक्शन निवडलं तर मुदत संपलेली फाइलच्या फाइल एका दमात जाते, आत शिरून चाळायची गरज पडत नाही. आणि टेबल रांगेसारखं वापरायचंच असेल तर त्यासाठी वेगळी साधनं आहेत, ती वापरा. कॅसँड्रावर रांग चालवणं म्हणजे एसटीच्या टपावर म्हैस नेणं. जाईलही, पण कशाला?

दुसरं, न कळत पडणारे दगड. ओळ घालताना रिकाम्या रकान्यात 'नल' पाठवलं की तिथेही दगड पडतो. कुणी काही पुसलेलं नसताना! मी एका ठिकाणी बघितलं होतं, चाळीस रकान्यांपैकी तीस दर वेळी नल. आणि एक सेटिंग असं आहे की ज्या दगडाची बातमी रिपेअरमधून सगळीकडे पोचलीय तोच फेकायचा, नाहीतर मुदत संपली तरी ठेवायचा. मुळात ते बंद असतं. वर सांगितलेल्या कंपनीत ते चालू असतं तर दगड टिकला असता आणि पत्ता उठला नसता. अर्थात मग रिपेअर चुकवलं की दगडांचा डोंगर होतो, म्हणजे कंटाळवाण्या कामापासून सुटका नाहीच.

आता परत सगळ्यांसाठी. आपण ग्राहक म्हणून 'ताबडतोब पुसा' अशी मागणी करतो, कंपन्या 'पुसलं' असा हिरवा टिक दाखवतात, आणि दोघंही समाधानी. मला यातच धोका दिसतो. त्या टिकमागे किमान तीन वेगवेगळ्या तारखा असतात. आपल्याला आणि इतरांना दिसेनासं कधी झालं, ती आजची. चालू मशीनवरून कधी गेलं, ती काही दिवसांनंतरची. आणि बॅकअपमधून कधी जाणार, ती त्याहून बरीच पुढची. बॅकअपचं प्रकरण वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. कॅसँड्रात अख्खं टेबल उडवलं तरी मूळ सेटिंगप्रमाणे तो आधी त्याची एक प्रत बाजूला काढून ठेवतो. चांगल्या हेतूने, चुकून उडवलं तर परत आणता यावं म्हणून. ती प्रत कुणीतरी आठवणीने काढेपर्यंत डिस्कवर पडून असते. गूगल निदान आपल्या धोरणात लिहितं की चालू यंत्रणेतून माहिती जायला साधारण दोन महिने आणि बॅकअपमधून जायला सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात. आकडा मोठा आहे, पण तो सांगितलाय. आपल्याकडच्या किती अ‍ॅपनी असा आकडा दिलाय, आपापल्या फोनवर उघडून बघा.

यावर एक मार्ग निघतोय. प्रत्येक माणसाची माहिती त्याच्या स्वतंत्र किल्लीने कुलूपबंद करून लिहायची. माणूस म्हणाला 'पुसा', की फक्त किल्ली नष्ट करायची. मग प्रती कितीही मशीनवर, कितीही बॅकअपमध्ये असोत, त्या नुसत्या अगम्य आकड्यांचा ढीग उरतात. बंद मशीन जागं झालं तरी काय दाखवणार? खर्च आहे, शोध घेणं अवघड होतं, आणि किल्ल्या जिथे ठेवल्या तिथली शिस्त मात्र कडक लागते. तो किल्ल्यांचा डेटाबेसही तीन प्रतींचा असला तर आपण परत मामांपाशी. म्हणून तो छोटा ठेवायचा आणि डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा. पत्ते, फोन नंबर, आजारांच्या नोंदी यांच्यासाठी तरी हा खर्च करायलाच हवा असं माझं मत आहे.

त्या कंपनीत अखेर तीन गोष्टी झाल्या. रिपेअर आठवड्यातून एकदा, आणि चुकलं तर वरपर्यंत फोन जातो. पाच दिवसांहून जास्त बंद राहिलेलं मशीन आपोआप जोडलंच जात नाही. आणि ग्राहक सेवेच्या पडद्यावर आता प्रत्येक पत्त्याखाली 'ग्राहकाने काढण्याची विनंती केली होती का, कधी' ही ओळ दिसते. तिसरी गोष्ट मी भांडून करून घेतली. पहिल्या दोन तांत्रिक लोकांना लगेच पटल्या होत्या, या तिसरीला "याची काय गरज?" असं विचारलं गेलं.

बाईंचा शेवटचा फोन वकिलांच्या ऑफिसातून, स्पीकरवर झाला. त्यांना टूमस्टोन वगैरेत काही रस नव्हता. त्यांनी विचारलं, "मग आता नक्की कधी जाईल?" मी कॅलेंडर बघून दोन तारखा सांगितल्या, एक मशीनवरची आणि एक बॅकअपमधली. पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग त्यांनी दुसरी तारीख परत एकदा विचारून घेतली.